तरटावरचा हजेरीपट

नववीच्या वर्गासाठी यंदा आपण जो चित्रप्रकल्प हाती घेत आहोत, त्याची प्रेरणा एका अमेरिकन हिप-हॉप अल्बमची आहे, हे कळल्यावर काही पालकांनी शंका व्यक्त केली. आपल्याकडे भीमगीतांची एवढी समृद्ध परंपरा असताना हे परदेशी रॅप कशासाठी? प्रश्न रास्त आहे.

लॉरिन हिल या कृष्णवर्णीय गायिकेचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा अल्बम १९९८ साली प्रसिद्ध झाला. वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळवणारा तो पहिला हिप-हॉप अल्बम. त्यातील बरीचशी गाणी प्रेम, मातृत्व आणि श्रद्धा यांविषयी आहेत. घोषणा शोधणाऱ्याची निराशाच होईल. त्याची राजकीय जाणीव त्याच्या मांडणीत आहे. आरंभी शाळेची घंटा वाजते. गुरुजी हजेरी घेतात, मुले ओ देतात. लॉरिनचे नाव पुकारले जाते, पुन्हा पुकारले जाते. उत्तर येत नाही. मुखपृष्ठावर शाळेच्या लाकडी बाकावर कोरलेला असावा तसा तिचा चेहरा आहे.

अल्बमच्या नावात इतिहासकार कार्टर वुडसन यांच्या १९३३ च्या ग्रंथाचा प्रतिध्वनी आहे. वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत वाढलेले. ते स्वतः कोळशाच्या खाणीत राबले, विसाव्या वर्षी हायस्कुलात गेले आणि १९१२ साली हार्वर्डचे डॉक्टर झाले. (पुढच्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले.) शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे नव्हे, हे वुडसन यांचे प्रतिपादन. ज्या पुस्तकांत आपले पूर्वज नाहीत, ती पुस्तके शिकून मूल हुशार होते, पण स्वतःला कमी लेखू लागते. १९२६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, तो याच कारणासाठी.

लॉरिनजवळ निदान बाक होता. बाबासाहेबांना वर्गात वेगळे, स्वतःच्या तरटावर बसावे लागे. शाळेचा गडी त्या तरटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे व दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. म्हणून आपला प्रकल्प लाकडावर नाही, तरटावर होईल.

प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील अशी एक व्यक्ती निवडायची, जिचे नाव कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर कधी चढले नाही. आजी, पणजोबा, मोठी आत्या. आधी त्यांच्याविषयी घरात विचारपूस करून टिपण काढायचे. माझ्या मते प्रकल्पाचा निम्म्याहून अधिक भाग हाच आहे. चित्रकलेत कच्च्या मुलांनी म्हणूनच बिचकू नये. तरटाची वीण विरळ असल्याने रंग आरपार उतरतो. त्यासाठी खळीत खडूची भुकटी कालवून दोन हात द्यायचे, वाळू द्यायचे आणि मग कोळशाने व गेरूने चेहरा काढायचा. खाली नाव, पूर्ण नाव. 'अमक्याची आई' एवढेच नको. प्रदर्शनाच्या दिवशी ही नावे हजेरीसारखी पुकारली जातील आणि त्या त्या घरचे मूल ओ देईल.

माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या घरातील एक नाव, गाव आणि शाळेच्या वयात ती व्यक्ती कोणते काम करीत होती, एवढा तपशील शाळेच्या कार्यालयात कळवावा. छायाचित्र नसले तरी चालेल, बहुतेकांचे नसतेच.