जुन्या गाडीच्या डिकीत कोणती टूल्स ठेवायची? आधी बिघाड ठरवा, मग पाना घ्या

नवीन गाडी बंद पडली तरी काहीतरी सांगते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गॅरेजवाला स्कॅनर लावतो, स्क्रीनवर एरर कोड दिसतो. जुनी गाडी बंद पडते तेव्हा कुठलाच कोड येत नाही, कारण तिच्यात सेन्सरच नाहीत. तिथे तुमचे कान, नाक आणि डिकीतली पिशवी एवढंच हाताशी असतं.

आमच्या घरी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडीच 'व्हिंटेज' धरली जाते, त्यामुळे कागदावर ती अजून त्या वर्गात बसत नाही. पण रस्त्यावर बंद पडली की प्रश्न तोच असतो. नगरहून संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला निघालात तर राजूरपर्यंत मदत मिळते. पुढे घाटघर-रतनवाडीच्या बाजूला मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर माणूसही दिसत नाही.

दुसरी अडचण नवी आहे. पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची २००३ मध्ये नोंदवली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली. पूर्वी पद्मिनीचे पॉइंट घासून देणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात सहज सापडायचा. आज गॅरेजमधला विशीतला पोरगा स्कॅनर उत्तम चालवतो, पण पॉइंट त्याने कधी पाहिलेलेच नसतात. म्हणजे किमान निदान तरी आपल्यालाच यायला हवं.

१०८ पीसचा सेट का नको?

ऑनलाइन शोधलं की पहिल्यांदा १०८ पीसचा टूल बॉक्स दिसतो. छान चमकतो, पण त्यातले निम्मे सॉकेट तुमच्या गाडीच्या एकाही नटाला बसत नाहीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टम लाइव्ह करण्याआधी एक यादी करतो : काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय थांबेल आणि ते आपल्याला तिथल्या तिथे सुधारता येईल का. गाडीलाही तेच तीन प्रश्न लावा.

१. हा बिघाड होण्याची शक्यता किती?
२. झाला तर गाडी जागेवर थांबेल का?
३. रस्त्याच्या कडेला, तासाभरात, मला तो काढता येईल का?

तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तरच त्याचं टूल आणि स्पेअर पार्ट पिशवीत जाईल. फॅन बेल्ट तुटणं तिन्हींत बसतं. हेड गॅस्केट जाणं तिसऱ्या प्रश्नावर नापास होतं. त्यासाठी पाने वाहून नेण्यात अर्थ नाही, मजबूत दोर आणि टो करणाऱ्याचा नंबर पुरे.

पाने : आधी माप कळू द्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फियाट घराण्यातल्या पद्मिनीचे नट मिलिमीटरमध्ये आहेत. १०, १३, १७ आणि १९ या पान्यांवर बरंच काम भागतं. जुनी अॅम्बेसेडर किंवा विलीज जीप मात्र इंचाच्या मापाची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिमी सैल राहतो. घट्ट बसलेल्या नटावर जोर लावला की कोपरे मारले जातात आणि नट गोल होतो. मग बरोबर पानाही उपयोगाचा राहत नाही. उलट ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, तिथे ८ चा पाना चालून जातो. त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ नावाचं तिसरंच माप येतं.

सोपा उपाय असा : घरी सर्व्हिसिंग करताना ज्या ज्या नटाला हात लागतो, त्याचा पाना बाजूला काढून ठेवा. दोन-तीन महिन्यांत तुमच्या गाडीची नेमकी यादी तयार होते. माझी अशी झाली : चार-पाच दुतोंडी पाने (एका बाजूला रिंग, दुसरीकडे फिक्स), प्लग पाना, एक सपाट आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पॉइंटसाठी छोटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टोकदार पक्कड, छोटी हातोडी.

करंट की पेट्रोल?

पेट्रोल इंजिन चालायला हवा, पेट्रोल आणि योग्य वेळी ठिणगी लागते. हवा सहसा अडत नाही, म्हणून शोध दोनच गोष्टींचा.

ठिणगीच्या बाजूने जुन्या गाडीत सगळ्यात जास्त त्रास देतात पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतला एक यांत्रिक स्विच. तो उघडतो त्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. पॉइंट जळले किंवा त्यांच्यातलं अंतर बदललं की गाडी मिसिंग मारते, मग बंद पडते. म्हणून पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि बारीक पॉलिश पेपर ठेवा. वजन जेमतेम पावशेर, पण निम्मी चिंता मिटते.

पॉइंट पूर्ण उघडलेले असताना त्यांच्यातलं अंतर अनेक गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास असतं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मोजायला फीलर गेज ठेवा. ते हरवलं तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. चार घड्या एकत्र धरल्या की काम चालण्यापुरतं माप मिळतं.

तपासायला दोन वस्तू पुरतात. पहिली टेस्ट लॅम्प : १२ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, दोन क्लिप. करंट कुठपर्यंत येतो ते दाखवतो. दुसरी साधा मल्टिमीटर. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्ध्यावर आली. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर आकडा वाढत नसेल तर डायनॅमो चार्ज करत नाही. मग हेडलाइट न लावता, दिवसाउजेडी जवळचं गाव गाठायचं. हा निर्णय घेता यावा म्हणूनच मीटर हवा.

दुसऱ्याच्या बॅटरीवरून जंप देण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. १९६० च्या दशकाआधीच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं वायरिंग ६ व्होल्टचं होतं. न बघता केबल लावली तर वायरिंग जळू शकतं.

पेट्रोलच्या बाजूने नेहमीचे त्रास दोन. कार्बोरेटरमध्ये कचरा येणं, आणि उन्हाळ्यात चढावर पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा फिरणं. दुसऱ्यावर उपाय म्हणजे बॉनेट उघडून थांबणं आणि पंपावर ओलं फडकं ठेवणं. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र आता जास्त तपासावे लागतात. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या काळचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, तडकतं. ऊस आपल्याच जिल्ह्यातला असला तरी पाइपला त्याचं कौतुक नाही! इथेनॉल चालेल असा हातभर पाइप, चार क्लिप आणि एक इनलाइन फिल्टर ठेवा.

पेट्रोल गळत असेल तर आधी गळती बंद करा, ते पूर्ण उडून जाऊ द्या, मगच ठिणगी तपासा. हा क्रम कधीही उलटा करू नका.

बाकी पिशवीत काय?

- फॅन बेल्ट, आणि डायनॅमो सैल करायला लागणारा नेमका पाना.
- रेडिएटरचा एक होज, पाच लिटर पाणी. गाडी गरम झाली की किमान अर्धा तास रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उडतं.
- इन्सुलेशन टेप, बांधायची तार, एम-सील, वायरचे तुकडे.
- गाडीला बसणारे फ्यूज. जुन्या फियाटला लांबट सिरॅमिक फ्यूज लागतात, आजचे ब्लेड फ्यूज तिथे बसत नाहीत.
- जॅक, टॉमी, हवा भरलेली स्टेपनी आणि फूटभर रुंद जाड फळी. पावसाळ्यात नगर जिल्ह्यातल्या काळ्या मातीत जॅक सरळ खाली रुततो, फळी वजन पसरवते. चाकांना दगड लावा, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका.
- रिफ्लेक्टरचा त्रिकोण. घाटात तो गाडीजवळ न ठेवता वळणाच्या अलीकडे ठेवा.
- एक किलोचं पावडरचं अग्निशामक. हे डिकीत नको, ड्रायव्हरचा हात पोचेल तिथे.

वस्तूची जागा ठरलेली असणंही महत्त्वाचं. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइसची जुनी आर्मर्ड कार आणि रणगाडे बघायला मिळतात. लष्करी वाहनांत अवजारांची जागा पक्की असते. विलीज जीपच्या डाव्या अंगाला फावडं आणि कुऱ्हाड पट्ट्याने बांधलेली असे, अंधारातही हात तिथेच जावा म्हणून. आपणही कापडी गुंडाळीत प्रत्येक पान्याला खण शिवून घ्यावा. रिकामा खण दिसला की काय राहिलं ते लगेच कळतं, आणि पाने खडखडतही नाहीत.

फोन हेही टूलच आहे

मॅन्युअलची पीडीएफ आणि वायरिंगचा नकाशा फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, रेंजवर विसंबू नका. कुठलीही वस्तू उघडण्याआधी फोटो काढा. प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या तर गाडी नीट चालणार नाही किंवा सुरूच होणार नाही, म्हणून त्यांच्यावर १ ते ४ आकडेही घाला. ऑफलाइन मॅप उतरवून घ्या. जीपीएस उपग्रहांकडून थेट सिग्नल घेतं, त्यामुळे इंटरनेट नसतानाही तुमची जागा कळते, फक्त थोडा जास्त वेळ लागू शकतो. ते आकडे साध्या एसएमएसने घरी पाठवा. डेटा चालत नाही तिथेही कधी कधी एसएमएस निघून जातो. तुमच्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल, तर ११२ चा कॉल सहसा त्यावरून जातो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. पॉवर बँक भरून घ्या, कारण या गाड्यांत यूएसबी नसतो.

शेवटची परीक्षा दारात

एखाद्या रविवारी गाडी अंगणात लावा आणि फक्त पिशवीतली टूल्स वापरून तीन कामं करा : चाक बदला, फॅन बेल्ट काढून पुन्हा बसवा, पॉइंट बदलून गाडी सुरू करा. ज्यासाठी घरात पाना शोधायला जावं लागलं, तो पाना पिशवीत टाका. ज्याला हातही लागला नाही, त्याला वरचे तीन प्रश्न पुन्हा विचारा. नंतर हेच एकदा अंधारात, हेडलॅम्प लावून करून बघा. माझी पिशवी अशा दोन रविवारांनंतर सुमारे नऊ किलोवर स्थिरावली आणि स्टेपनीच्या शेजारी बसते. तुमची किती भरते ते तुमची गाडीच ठरवेल.