आधी परतीची गाडी विचारा

मैत्रिणींनो, आमच्या गटातल्या एका ताईंना वाकडला शिवणकाम मिळालं. पण राजगुरुनगरहून गाड्या बदलत जायचं कसं, म्हणून त्या काम सोडायला निघाल्या होत्या. मग आम्ही कागद घेऊन बसलो.

राजगुरुनगर ते नाशिक फाटा एस.टी., पुढे वाकडकडे बीआरटीची बस. बीआरटी म्हणजे बससाठी राखून ठेवलेली मार्गिका. इतर गाड्यांना तिथे मनाई असते, म्हणून बस कोंडीत कमी अडकते. पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये २०१५ पासून ‘रेनबो’ नावाने ही सेवा आहे. फलाट बसच्या दाराइतका उंच, त्यामुळे कपड्यांचं गाठोडं घेऊन चढणं सोपं. थांबा रस्त्याच्या मधोमध असेल तर घाई करू नका, सिग्नल पाहूनच ओलांडा.

पैशांचं गणितही मांडा. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. शहरातल्या पीएमपीएमएल बसला ती सवलत नाही. तिथे रोज जायचं असेल तर मासिक पासची चौकशी करा. पुण्यात जायचं असेल तर नाशिक फाट्यालाच मेट्रो मिळते, जवळच कासारवाडीला लोकलही.

सर्वांत महत्त्वाचं, परतीची शेवटची एस.टी. आधी विचारा. तिथून उलटं मोजा आणि एक बस चुकेल असं धरूनच निघा. ताईंनी तेच केलं. आता त्या रोज जातात, आणि दिवेलागणीला घरी असतात.