संगणक थंड ठेवणारा पंप

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईत ‘अग्नी नक्षत्रम्’ सुरू होते. सुमारे पंचवीस दिवसांच्या या काळात तेथील पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. संगणकावर चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय आरेखन करून उपजीविका करणाऱ्यांपुढे तेव्हा एक अडचण उभी राहते. अशा कामात संगणकाचा प्रोसेसर शंभर वॅटपेक्षाही अधिक उष्णता निर्माण करू शकतो. ही उष्णता वेळीच बाहेर गेली नाही, तर प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आधी आपला वेग कमी करतो आणि तापमान १०० अंशांच्या आसपास गेले, की संगणक बंद पडतो. हातातले काम अर्ध्यावर राहते.

यावर एक उपाय म्हणजे पाण्याने उष्णता वाहून नेणे. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यासाठी सुमारे ४,२०० जूल ऊर्जा लागते. म्हणजेच थोडेसे पाणीही पुष्कळ उष्णता सामावून घेते. मोठमोठ्या महासंगणकांतही हेच तत्त्व वापरले जाते. २०२२ मध्ये तिरुचिरापल्ली येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेल्या ‘परम पोरुल’ या महासंगणकात उष्णता थेट द्रवाकडे सोपवण्याची पद्धत आहे. पुण्यातील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही तीच पद्धत आहे.

घरगुती रचना अर्थातच लहान असते. प्रोसेसरवर तांब्याची एक पोकळ पेटी बसवतात. तिच्यातून वाहणारे पाणी तापते आणि नळीवाटे रेडिएटरमध्ये जाते. तेथे पंख्याची हवा त्याला निववते. मग ते टाकीत येते आणि पंप त्याला पुन्हा प्रोसेसरकडे पाठवतो. पंप थांबला, की हे सारे चक्र थांबते. म्हणून त्याची निवड विचारपूर्वक करावी लागते.

पाणी किती हवे?

आपण एक साधे गणित करू. प्रोसेसर १०० वॅट उष्णता देत आहे आणि मिनिटाला १ लिटर पाणी वाहत आहे, असे समजा. हे पाणी पेटीतून बाहेर पडताना सुमारे १.४ अंशांनी तापलेले असेल. प्रवाह मिनिटाला ४ लिटर केला, तर ही वाढ सुमारे ०.३६ अंश इतकीच राहील. याहून प्रवाह वाढवून फारसे काही हाती लागत नाही. मिनिटाला ३ ते ४ लिटर, म्हणजे तासाला साधारण २०० लिटर पाणी पुरेसे होते. त्यापुढे पाणी किती थंड राहील, हे मुख्यतः रेडिएटरचा आकार आणि पंख्याची हवा यांवर ठरते.

हेड म्हणजे काय?

विहिरीवर मोटर बसवणाऱ्या शेतकऱ्याला ‘हेड’ हा शब्द परिचित असतो. पंप पाण्याला जास्तीत जास्त किती उंचीपर्यंत ढकलू शकतो, ते हेड सांगते. संगणकातील पाणी बंद चक्रात फिरते. वर चढणाऱ्या पाण्याचा भार खाली उतरणारे पाणी तोलून धरते. त्यामुळे येथे उंचीचा प्रश्न राहत नाही. येथे पंपाला झगडावे लागते ते अरुंद वाटांशी. तांब्याच्या पेटीतील बारीक खाचा, रेडिएटरच्या नळ्या आणि प्रत्येक वळण पाण्याला अडवते. प्रवाह दुप्पट करायचा झाला, तर हा अडथळा सुमारे चौपट होतो.

पंपाच्या खोक्यावर प्रवाह आणि हेड असे दोन आकडे असतात. खोक्यावरील प्रवाह मिळतो तो काहीही अडथळा नसताना आणि खोक्यावरील हेड मिळते ते प्रवाह शून्य असताना. दोन्ही एकाच वेळी कधीही मिळत नाहीत. समजा, एक पंप तासाला १,००० लिटर आणि १ मीटर हेड असा आहे, तर दुसरा तासाला ५०० लिटर आणि ३.५ मीटर हेड असा आहे. आपल्या चक्रातून तासाला २४० लिटर पाणी नेण्यास २ मीटर हेड लागते. पंपाचे हेड प्रवाहाबरोबर सरळ रेषेत उतरते असे मानले, तर पहिला पंप प्रत्यक्षात तासाला सुमारे १५५ लिटर पाणी फिरवील आणि दुसरा सुमारे २३० लिटर. मोठ्या आकड्याचा पंप येथे मागे पडतो! म्हणून केवळ लिटर पाहून पंप घेऊ नये.

कोणता पंप घ्यावा?

चेन्नईतील कोळत्तूर हा भाग शोभेच्या माशांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे, तर अण्णा सालैजवळील रिची स्ट्रीट संगणकाच्या सुट्या भागांसाठी. माशांच्या टाकीचा पंप स्वस्त असतो. त्यामुळे घरी अशी रचना करणाऱ्यांना त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तथापि, त्याचे हेड बहुधा कमी असते. शिवाय असे अनेक पंप ३५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठीच बनवलेले असतात. आपल्या चक्रातील पाणी खोलीतील हवेपेक्षा नेहमी काही अंश गरमच असते. चेन्नईत खोलीच ३६ अंशांवर असेल, तर पाणी ४० अंशांच्या वर जाणार, हे उघड आहे. पंप पाण्यात बुडवलेला असेल, तर त्याने वापरलेली जवळजवळ सर्व वीज उष्णता होऊन त्याच पाण्यात मिसळते.

दुसरा प्रश्न विजेचा. माशांच्या टाकीचा पंप घरातील २३० व्होल्ट विजेवर चालतो. वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहिला आणि पंप मात्र थांबला, तर काय होईल, याची कल्पना करा. उलट १२ व्होल्टचा पंप संगणकाच्या वीजपुरवठ्यालाच जोडता येतो. तो संगणकाबरोबर सुरू होतो आणि संगणकाबरोबरच थांबतो. पाण्याजवळ कमी दाबाची वीज असणे अधिक सुरक्षितही असते. म्हणून कायमच्या वापरासाठी १२ व्होल्टचा, पुरेशा हेडचा आणि ६० अंशांपर्यंतचे पाणी सोसणारा पंप घेणे शहाणपणाचे ठरते.

बसवताना घ्यायची काळजी

हे पंप स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत. शेतातील पंप जसा हवा धरतो, तसेच येथेही होते. म्हणून टाकी पंपाच्या वर ठेवावी आणि पंप कोरडा कधीही चालवू नये. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते बारीक खाचांत साचतात. त्यामुळे ऊर्ध्वपातित पाणी आणि गंज रोखणारे द्रव्य वापरावे. तांब्याच्या पेटीबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये, कारण दोन भिन्न धातूंमुळे अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते.

शेवटी, संगणकाचे बाकी भाग बंद ठेवून फक्त पंप २४ तास चालवावा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवावा. कागद कोरडाच राहिला, तर मगच संगणक सुरू करावा. एका दिवसाचा हा धीर पुढे सगळा संगणक वाचवू शकतो.