कागदी सुरळ्यांचे काम : एका नवशिक्याचा अनुभव



कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून काय करवून घ्यावे, हा प्रश्न खेडेगावातील शिक्षकांकडून वारंवार विचारला जातो. साहित्यासाठी पैसा नसतो, वर्ग बहुधा जोडवर्ग असतो, आणि जे करावयाचे ते एका तासिकेत आटोपावे लागते. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून त्यांच्या सुरळ्यांपासून फुले, पाने व नक्षी साधण्याची जी कला आज ‘क्विलिंग’ या नावाने शहरी बाजारात दिसते, ती या अडचणी लक्षात घेता आपल्या शाळांना सोयीची वाटते. तथापि, जे आपण स्वतः केले नाही त्याची शिफारस दुसऱ्यास करू नये, हा शिक्षकाचा जुना नियम आहे. म्हणून वयाची पन्नाशी उलटल्यावर मी प्रथमच कागदाची पट्टी हाती घेतली. त्या प्रयत्नात कलेविषयी थोडे आणि स्वतःविषयी बरेच समजले. ते येथे मांडीत आहे.

पूर्वपीठिका

‘क्विल’ म्हणजे पक्ष्याच्या पिसाचा देठ. युरोपात पूर्वी त्याची लेखणी करीत. त्याच देठाभोवती कागदाची अरुंद पट्टी गुंडाळीत, त्यावरून हे नाव पडले. सोळाव्या व सतराव्या शतकांत फ्रान्स व इटली येथील मठांत सोनेरी कडा असलेल्या कागदी पट्ट्यांच्या सुरळ्या करून धार्मिक वस्तू सजविल्या जात. सोन्याचांदीच्या तारकामाचा खर्च न परवडणाऱ्यांनी कागदात साधलेली ती शोभा होती. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांतील स्त्रियांचा हा आवडता छंद झाला. तात्पर्य, या कामाचा जन्म काटकसरीतून झाला आहे. त्यासाठी दुकानातून महागडा संच आणण्याची मुळीच आवश्यकता नाही.

साहित्य

एका बाजूने वापरलेले कागद, जुन्या वह्यांची कोरी पाने किंवा रंगीत जाहिरातपत्रके चालतात. वर्तमानपत्राचा कागद फार मऊ पडतो, तर लग्नपत्रिकेचा जाड कागद गुंडाळताना मोडतो. कागद प्रथम उभा व मग आडवा असा हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज गुंडाळला जातो त्या दिशेने पट्टीची लांबी ठेवावी. पट्टी ५ मिलिमीटर रुंद असावी. बाजारात ३ मिलिमीटरच्या पट्ट्या मिळतात, परंतु त्या लहान बोटांना आवरत नाहीत. ए-४ आकाराच्या एका कागदातून ५ मिलिमीटरच्या सुमारे ४० पट्ट्या निघतात. त्या सर्वत्र सारख्या रुंदीच्या असणे महत्त्वाचे आहे. म्हणून पट्टीने रेघा आखून मगच कात्री चालवावी. हे काम वरच्या वर्गातील मुलांकडे द्यावे.

गुंडाळण्यासाठी खराट्याची काडी पुरते. तिच्या टोकाला शिक्षकांनी स्वतः ब्लेडने लहानशी चीर पाडून द्यावी. चिकटविण्यासाठी मैद्याची दाट खळ किंवा पांढरा गोंद, तो काडीच्या टोकाने लावण्यापुरता.

कृती

पट्टीचे एक टोक काडीच्या चिरेत अडकवावे आणि काडी फिरवीत पट्टी तिच्यावर घट्ट गुंडाळावी. पट्टीच्या दोन्ही कडा एकावर एक बसत आहेत ना, हे बोटाने चाचपावे. टोक तेथेच चिकटविले तर घट्ट चकती होते. तीच सुरळी काडीवरून काढून हातात किंचित सैल होऊ दिली आणि मग टोक चिकटविले, तर सैल चकती मिळते. सैल चकतीला एका बाजूने चिमटा घेतला की थेंब तयार होतो, व समोरासमोर दोन चिमटे घेतले की पान. मध्ये एक घट्ट चकती व भोवती सहा थेंब मांडले म्हणजे फूल पुरे झाले. चकली पाडणारा हात ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सारे वाचतानाच उमजेल.

मलाही ते वाचताना उमजले होते. करताना मात्र तसे झाले नाही.

पहिल्या सायंकाळचा अनुभव

माझी पहिली सुरळी काडीवरून ओढताना तिचा मधला भाग वर आला आणि चकतीऐवजी शंकू झाला. सुरळी वरून ओढावयाची नसते, खालून नखाने हलकेच ढकलावयाची असते, हे तीन शंकू झाल्यावर कळले. नंतरच्या सुरळीला गोंद अधिक लागला, कागद भिजला आणि बोटालाच चिकटून आला. पुढे सुरळ्या जमू लागल्या, परंतु प्रत्येक चकती आपल्या मर्जीने कमी-अधिक उलगडे. दोन तासांच्या खटपटीनंतर सहा पाकळ्यांचे जे फूल तयार झाले, त्यातील कोणत्याही दोन पाकळ्या सारख्या नव्हत्या.

ते फूल समोर ठेवून बसलो असता मला एका शाळेतील भेट आठवली. अनेक वर्षांपूर्वी तेथील मुलांनी केलेल्या कागदकामाखाली मी शेरेबुकात लिहिले होते, ‘काम नीटनेटके नाही.’ त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शाळेच्या सुबक प्रदर्शनाची मी प्रशंसा केली होती. त्या सुबक वस्तूंपैकी बऱ्याच पालकांनी घरी करून दिलेल्या होत्या आणि काही तर दुकानातून आणलेल्या होत्या, हे पुढे समजले. ज्या शाळेत मुलांचे हात खरोखर चालले होते तिला मी उणा शेरा दिला, आणि जेथे ते चालले नाहीत तेथे शाबासकी दिली. माझे वाकडे फूल त्या मुलांच्या कामाहून काकणभरही सरस नव्हते.

हा दोष केवळ माझा असता तर त्याची वाच्यता येथे केली नसती. परंतु अधिकारी सुबकपणा पाहतो म्हणून शिक्षक सुबकपणा मागतो, शिक्षक मागतो म्हणून पालक दुकान गाठतो, आणि ज्याच्या पालकापाशी पैसा नाही ते मूल रिकाम्या हाताने मागे बसते. ही साखळी कोठेतरी तुटली पाहिजे. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले. हातांनी काम करताना मूल विचार करू लागते, ही त्यामागची दृष्टी होती. विकत आणलेल्या वस्तूने हे साधत नाही.

चुकांतून निघणारा धडा

चकत्या सारख्या का होत नाहीत, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. कोणी म्हणेल, पट्ट्या लहानमोठ्या आहेत. कोणी म्हणेल, सुरळी कमी-अधिक सुटली. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिल्यावर उपाय म्हणजे मोजपट्टी. दुसऱ्यावर उपाय म्हणजे साचा : पुठ्ठ्यावर एक रुपयाचे नाणे ठेवून तेवढे छिद्र कापावे आणि सुरळी त्यात सोडावी. ती छिद्रापर्यंतच उलगडते. हा उपाय आधी सांगून टाकू नये. अडचण मुलांच्या अनुभवास आल्यावरच त्याची किंमत त्यांना कळते.

वरच्या वर्गांसाठी याच कामातून गणिताचा एक सुंदर प्रश्न निघतो. पट्टी दुप्पट लांब केली तर घट्ट चकती दुप्पट रुंद होईल काय? बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील. मग करून पाहावे. साधे १०० कागद दाबून मोजले तर गठ्ठा सुमारे १ सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. या हिशेबाने ३० सेंटिमीटर पट्टीच्या चकतीचा व्यास सुमारे ६ मिलिमीटर येतो. दोन पट्ट्या जोडून ६० सेंटिमीटर केल्यास तो १२ न होता पावणेनऊच्या आसपास राहतो. १२ मिलिमीटरची चकती हवी असेल तर चार पट्ट्या जोडाव्या लागतात. पट्टीच्या लांबीच्या प्रमाणात चकतीचे क्षेत्रफळ वाढते, व्यास नव्हे, हे त्यामागील कारण होय. मधल्या छिद्रामुळे व थरांतील पोकळीमुळे प्रत्यक्षातील चकती थोडी मोठी भरेल. तो फरक का पडला, हेही मुलांना शोधू द्यावे.

मूल्यमापनाविषयी दोन शब्द

या कामासाठी तीन तासिका योजाव्यात. पहिलीत केवळ घट्ट व सैल चकत्या, दुसरीत थेंब व पान, तिसरीत फुलाची मांडणी. आणि एक विनंती अशी की, प्रत्येक मुलाची अगदी पहिली सुरळी, मग ती शंकू झालेली का असेना, एका कागदावर त्याच्या नावानिशी चिकटवून ठेवावी. तिसऱ्या तासिकेनंतर त्याच कागदावर त्याने केलेले फूल लावावे. या दोहोंमधील अंतर हीच मुलाची प्रगती होय. शेजारच्या मुलाच्या फुलाशी तुलना करण्याचे कारण नाही.

शिक्षकांनीही आपला एक कागद त्याच भिंतीवर लावावा. गुरुजींची किंवा बाईंची पहिली सुरळी बिघडलेली पाहून मुलांना जो धीर येतो, तो दहा वेळा ‘घाबरू नका’ असे सांगून येत नाही.

माझी पहिली सुरळी मी जपून ठेवली आहे. यापुढे शाळाभेटीस येताना ती शेरेबुकाच्या पानात घालून आणीन, आणि आपल्या भिंतीवर प्रथम मुलांच्या पहिल्या सुरळ्या कोठे आहेत ते पाहीन.