जन्माची अट, वागणुकीची अट

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या १९७८ सालच्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, व्हायचं तर पात्र माणसाच्याच वंशातलं लागे आणि स्वभावाने ‘लॉफुल गुड’ लागे, म्हणजे सज्जन तर हवंच, शिवाय शिस्त मानणारंही हवं. एल्फ कितीही सत्शील असला तरी त्याला पॅलाडिन होता येत नसे. एक अट जन्माची, दुसरी वागणुकीची. पुढच्या आवृत्त्यांनी दोन्ही एकेक करून काढून टाकल्या. आज ठाण्यात, डोंबिवलीत जी कॉलेजची मुलं रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये वीस बाजूंचा फासा घेऊन जमतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना या अटी ऐकूनच ठाऊक आहेत. पहिली अट जायलाच हवी होती. दुसरीचा हिशेब मात्र इतक्या लवकर मिटत नाही.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक जण ‘डीएम’ होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र चालवतात. पात्राचा पेशा ठरतो आणि त्याचं नैतिक वळणही ठरतं, त्याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये आला तेव्हा बाजू तीनच होत्या: शिस्त, तटस्थता आणि अनागोंदी. ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आली होती. १९७८ पर्यंत शिस्त-अनागोंदीच्या जोडीला चांगलं-वाईट येऊन नऊ घरांचा तक्ता तयार झाला आणि पेशे त्या घरांत बसवले गेले. मारेकरी दुष्टच असणार, रेंजर सज्जनच, मंक शिस्तीचाच. चोराला ‘लॉफुल गुड’ होण्याची सोय नव्हती.

यातल्या बऱ्याच अटी मला उगीचच्या वाटतात. पेशा म्हणजे स्वभाव नव्हे. ड्रुइडचं प्रकरण तर टोकाचं. निसर्गाचा हा पुजारी पूर्ण तटस्थ असलाच पाहिजे. तटस्थता कशी असते हे सांगताना १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ड्रुइडचंच उदाहरण दिलं: दुष्ट नॉल टोळीविरुद्ध तो सरदारांच्या बाजूने लढेल, पण टोळी नामशेष व्हायला आली की लढाई सोडेल किंवा थेट पक्ष बदलेल. आपल्याकडचा बलराम भारतीय युद्धात कुणाचीच बाजू न घेता तीर्थयात्रेला निघून गेला. त्याची तटस्थता पटते, कारण तिच्यामागे दोन्ही पक्षांचं नातं आहे. ड्रुइडच्या मागे फक्त समतोल राखण्याचा नियम होता.

पॅलाडिनची गोष्ट वेगळी. त्याने कमाईचा दहावा हिस्सा धर्मकार्याला द्यायचा. जादूच्या वस्तू दहाच्या वर बाळगायच्या नाहीत. संगत सज्जनांचीच धरायची, तटस्थांबरोबर जायचं तर एका मोहिमेपुरतं. जाणूनबुजून बेशिस्त वागलं तर बऱ्याच वरच्या पायरीच्या धर्मगुरूपुढे कबुली आणि प्रायश्चित्त. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं, त्याला परतीची वाट नाही. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. द्रोणपर्वात युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालत असे. अश्वत्थामा मेल्याचं अर्धसत्य त्याने द्रोणांना ऐकवलं आणि रथ खाली टेकला. तो राजा राहिला, लढाई जिंकला, रथ मात्र इतरांच्या रथांसारखा झाला. सामर्थ्य ज्या वचनावर उभं आहे ते मोडलं की सामर्थ्यही जातं, हे गायगॅक्सच्या नियमाने पानभर कलमांत मांडलं होतं.

जन्माच्या अटीला मात्र असं कोणतंच समर्थन नाही. आपल्याला ती एकलव्यापासून माहीत आहे. आणि जन्मावरून स्वभाव ठरवणं हे पुस्तकातच राहिलं असंही नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने अख्ख्या जमातींच्या कपाळी चोरी लिहिली. पारधी, कैकाडी या आपल्याकडच्या लोकांनी ती पिढ्यान् पिढ्या भोगली. कायदा १९५२ साली रद्द झाला, पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनातून तो आजही गेलेला नाही. ऑर्क हा या खेळातला एक राक्षसी वंश; ‘ऑर्क म्हणजे दुष्ट’ ही ओळ म्हणूनच मला निरुपद्रवी वाटत नाही. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने कोणत्याही वंशाला कोणताही पेशा खुला केला. २०२० मध्ये प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राउ या वंशांच्या सरसकट दुष्टपणाचा फेरविचार जाहीर केला. हे आधीच व्हायला हवं होतं.

तिसऱ्या आवृत्तीने वागणुकीची अट मात्र ठेवली: पॅलाडिन कुणीही व्हावं, पण ‘लॉफुल गुड’ राहूनच. मला ही मांडणी सगळ्यांत योग्य वाटते, कारण तिचं जितंजागतं रूप कल्याण-डोंबिवलीच्या आगरी गावांत आहे. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला ज्यांचं नाव आहे ते ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे वारकरी कीर्तनकार होते. त्यांच्या पंथात तुळशीची माळ घालायला जन्माची अट नाही. अट आहे ती मांस-मच्छी आणि दारू सोडण्याची, एकादशीची, हरिपाठाची, वारीची. ज्या घरात मासळीवाचून घास उतरत नाही, त्याच घरात एक माळकरी आजी असते. तिची भांडी वेगळी, तिची चूल आधी पेटते. हळदीला सगळीकडे मटणाचा वास सुटलेला असतो आणि माळकऱ्यांची पंगत बाजूला बसते. देवळाच्या दारात मात्र जन्माची अट होतीच. चोखोबांची समाधी पायरीशी आहे, आणि पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं.

माळकऱ्यावर पहारा ठेवायला कुणी नसतं. जुन्या पॅलाडिनवर डीएमचा पहारा असे, आणि तिथेच नियम बिघडला. दरोडेखोर शरण आला आहे, त्याला बांधलं आहे, गाव तीन दिवसांच्या वाटेवर. सोबतचा चोर म्हणतो, संपवून टाकू. पॅलाडिनने नुसतं बघत राहणं हे दुष्कृत्य का? निकाल डीएमचा, आणि त्यावरून खेळ तासभर थांबायचा. बाकीचे चौघे एकाच्या व्रताला बांधले जायचे, ते वेगळंच.

या भांडणांना कंटाळून २००८ च्या चौथ्या आवृत्तीने पॅलाडिनला आपल्या देवतेचं वळण घ्यायला सांगितलं. २०१४ च्या पाचवीने अट पूर्ण काढली आणि शपथा दिल्या: भक्तीची, प्राचीन निसर्गाची, सूडाची. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाने २०२३ मध्ये अलाइनमेंटच वगळलं. शपथ ही कल्पना उत्तम आहे, कारण ती खेळणारा स्वतः निवडतो. पण ती मोडली तर काय, हे पाचवीत बरंचसं डीएमच्या मर्जीवर सोडलं आहे. आणि जी मोडल्याने तोशीस लागत नाही त्या शपथेचा टेबलावर कुणाला विसर पडतो हे कळतही नाही.

म्हणून नव्या कॅम्पेनला बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पॅलाडिन घेणाऱ्याने पहिल्याच बैठकीत आपली शपथ स्वतःच्या शब्दांत कॅरेक्टर शीटवर लिहावी आणि ती मोडली तर कोणती शक्ती जाईल हेही तिथेच लिहून सगळ्यांना वाचून दाखवावं. मग डीएमने न्यायाधीश व्हायची गरज उरत नाही. शरण आलेल्याला मारणार नाही असं लिहिणारी ऑर्क पोरगी त्या दरोडेखोराला जिवंत गावापर्यंत नेईल, आणि तीन रात्री पहारा कुणी द्यायचा यावर बाकीच्यांनी खुशाल भांडावं.