पानठेला बदलला!

नागपूरच्या दक्षिणेला बेसा येथे आम्ही बिऱ्हाड थाटले, तेव्हा आमचे घर शोधताना पाहुण्यांची त्रेधा उडे. शेवटी ते कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर चौकशी करीत.

गेल्या जूनमध्ये कन्येच्या प्रवेश-अर्जाची शेवटची तारीख, आणि घरचे इंटरनेट अडून बसले! कोणतेही संकेतस्थळ उघडायला मिनिट लागे. एकदा उघडले की मात्र सरसर चाले. कन्या रडवेली झाली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू ती तार मीच ओढली होती.

इतक्यात माझा एक जुना विद्यार्थी आला. म्हणाला, "सर, रस्ता ठीक आहे, पत्ता सांगणारा पेंगतो आहे."

संकेतस्थळाला आपण नावाने हाक मारतो. यंत्राला हवा असतो आकडा. नावावरून आकडा सांगणारी ही डीएनएस-व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली रचली. विद्यार्थ्याने राउटरच्या सेटिंगमधले डीएनएसचे जुने आकडे आधी टिपून ठेवले. मग त्या जागी क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि गूगलचा ८.८.८.८ घातला. म्हणजे पानठेलाच बदलला! पाच मिनिटांत अर्ज रवाना झाला.

मात्र वाचकहो, रस्ताच खणलेला असेल, तर पानठेला बदलून काय उपयोग? चालू चित्रपट अडखळत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे. शिवाय आपण कोणाकोणाकडे जातो, हे पानठेलेवाल्याला कळतेच. तेव्हा तो विश्वासाचा हवा!