लॉवेल : एका गिरणगावाचे मासिक

मॅसॅच्युसेट्स राज्यातले लॉवेल वसले तेच मुळी कापडगिरण्यांसाठी. मेरिमॅक नदीच्या धबधब्याशी कालवे खणून पाण्याच्या जोरावर तिथे माग फिरवले गेले. १८२६ मध्ये गाव आणि १८३६ मध्ये शहर, अशी त्याची झपाट्याची वाढ.

मला या शहराकडे ओढले ते तिथल्या मासिकाने. न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुली दिवसाचे बारा-तेरा तास गिरणीत राबत आणि कंपनीच्या बोर्डिंगांत राहत. त्यांच्या कथा-कवितांचे ‘लॉवेल ऑफरिंग’ १८४० ते १८४५ या काळात निघाले. १८४२ मध्ये शहर पाहून गेलेल्या चार्ल्स डिकन्सनेही त्याची वाखाणणी केली.

पण गिरणीतल्या मुलींनी त्याआधीच, १८३४ मध्ये मजुरीकपातीविरुद्ध आणि १८३६ मध्ये बोर्डिंगचा खर्च वाढवल्यामुळे संप केले होते. दहा तासांच्या दिवसासाठी लढणाऱ्या सारा बॅगली यांनी तर या मासिकावर मालकधार्जिणेपणाचा ठपका ठेवला.

कापसाची गाठ याहून अवघड. तो दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. त्यापासून विणलेले जाडेभरडे कापड पुन्हा गुलामांच्याच अंगावर जाई. त्या कापडाला नावच ‘लॉवेल’ पडले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, कापूस आटला आणि गिरण्या थंडावल्या. त्याच टंचाईने मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर आला.

विसाव्या शतकात गिरण्या बंद पडत गेल्या. १९७८ पासून त्या परिसराचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले आहे. तिथल्या संग्रहालयात माग चालवून दाखवतात. मात्र लॉवेल समजून घ्यायचे, तर ‘ऑफरिंग’च्या शेजारी दक्षिणेतल्या गुलामांची आत्मकथने ठेवावीत, असे मला वाटते.